भूल उतरली? अंगठ्याला विचारा!

ऑपरेशन ठरलं की आपण काय काय चौकशा करतो ते आठवून बघा. सर्जन कोण, त्याचा हात कसा आहे, कॅशलेस होणार का, रूम सिंगल की शेअरिंग, डबा घरून चालेल का. भूल देणारे डॉक्टर मात्र आदल्या दिवशी येतात, "दात हलतात का? कसली ॲलर्जी?" विचारून जातात आणि त्यांचं नावही आपल्या लक्षात राहत नाही. वास्तविक ऑपरेशन चालू असताना आपला श्वास त्यांच्या हातात असतो. हे मी अलंकारिक बोलत नाहीये, अक्षरशः हातात असतो.

गेले तीन-चार वीकेंड मी या विषयावर वाचत बसलोय. (सुरुवात कशी झाली ते पुढे सांगतो.) वाचून झालेलं माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना टॅब बंद करता येईल. ज्या पेशंटला स्नायू लुळे करणारं औषध दिलंय, त्याच्या घशातली नळी काढण्याआधी स्नायूंची ताकद किती परत आली हे यंत्राने मोजलं पाहिजे, आणि तो आकडा केसपेपरवर लिहिला पाहिजे. "पेशंटने डोळे उघडले, हात दाबला, चला" एवढं पुरेसं नाही.

डिस्क्लेमर : मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण मोजणं आणि न मोजणं यातला फरक माझ्या धंद्यातही रोजचाच आहे, म्हणून हा आगाऊपणा.

लुळं करण्याची भानगड काय आहे?

आपल्याला वाटतं भूल म्हणजे झोप. मोठ्या ऑपरेशनच्या भुलीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, शुद्ध हरपणे. दोन, वेदना न होणे. आणि तीन, स्नायू ढिले पडणे. पोट उघडायचं तर पोटाचे स्नायू ताठ असून चालत नाहीत, घशात नळी घालायची तर स्वरयंत्राने विरोध करून चालत नाही. या तिसऱ्या कामासाठी वेगळी औषधं असतात : व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम वगैरे. या औषधांचा शुद्धीशी आणि वेदनेशी काडीचा संबंध नाही. पेशंटला झोपवण्याचं काम दुसरी औषधं करतात. हे फक्त स्नायू बंद करतं, श्वासाचे स्नायूसुद्धा. म्हणून तोपर्यंत श्वास मशीन देतं.

या औषधांचे पूर्वज म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींनी बाणाला लावायचं विष, क्युरारे. १८१४ साली चार्ल्स वॉटरटन नावाच्या इंग्रज भटक्याने लंडनमध्ये एका गाढवीला हे विष टोचलं. ती कोसळली, श्वास थांबला. मग तिच्या श्वासनलिकेला भोक पाडून लोहाराच्या भात्यासारख्या भात्याने काही तास हवा भरत ठेवली, आणि ती उठून उभी राहिली! पुढे पंचवीसेक वर्षं जगली. म्हणजे विष हृदयाला मारत नव्हतं, श्वासाचे स्नायू थांबवत होतं. ते दुसऱ्याने चालू ठेवले की प्राणी वाचतो. नेमका अडथळा नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर आहे, हे क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दाखवलं. आणि २३ जानेवारी १९४२ ला माँट्रियलमध्ये हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये भुलीसोबत शुद्ध केलेलं क्युरारे वापरलं. तिथून भूलशास्त्राची गाडी वेगळ्याच रुळावर गेली.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते १९४७ च्या एका प्रयोगाने. अमेरिकेत स्कॉट स्मिथ नावाच्या भूलतज्ज्ञाने स्वतःवरच पूर्ण मात्रेत क्युरारे टोचून घेतलं. दुसरं काही नाही, फक्त क्युरारे. बोट हलेना, पापणी हलेना, श्वास सहकारी देत होते. आणि औषध उतरल्यावर त्याने सांगितलं की मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं, सगळं आठवतंय.

आता विचार करा. शुद्ध आणणारी गाडी वेगळी, ताकद आणणारी गाडी वेगळी. पहिली आधी पोचली आणि दुसरी लेट झाली तर?

मावशीची गोष्ट

माझ्या मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. शहरातलं चांगलं हॉस्पिटल, नाव लिहीत नाही. ऑपरेशन झकास झालं, तिसऱ्या दिवशी मावशी घरी. पण त्यानंतर कितीतरी दिवस ती एकच गोष्ट सांगायची. "अरे, मला सगळं ऐकू येत होतं. सिस्टर म्हणत होती, मावशी डोळे उघडा, डोळे उघडा. मी उघडतच होते रे, पापण्याच उचलत नव्हत्या. छातीवर कुणी धान्याचं पोतं ठेवलंय असं वाटत होतं. म्हटलं आता मी जाते."

घरात सगळे म्हणाले, भुलीचा अंमल असतो गं, काहीबाही वाटतं. काका तर हसले. मावशी गप्प झाली.

माझा अकरावी-बारावीतला एक मित्र आता भूलतज्ज्ञ आहे. त्याला फोनवर विचारलं, हे काय असू शकतं? तो म्हणाला, "असू शकतं की औषधाचा अंश उरला होता. असूही शकतं की नुसती गुंगी होती. फाइलमध्ये टी.ओ.एफ. लिहिलाय का बघ."

फाइल शोधली. ग्लोव्ह्जच्या जोड्या मोजलेल्या होत्या, सलाईनच्या बाटल्या मोजलेल्या होत्या, कापसाचे पैसे लावलेले होते. टी.ओ.एफ. नावाचं काही नव्हतं. त्यामुळे मावशीला नक्की काय झालं होतं ते कुणालाच कधीच कळणार नाही. कुणी मोजलंच नव्हतं. या पोस्टची सुरुवात त्या फोनपासून झाली.

टी.ओ.एफ. म्हणजे काय?

पूर्ण नाव ट्रेन ऑफ फोर, म्हणजे चार झटक्यांची माळ. लिव्हरपूलच्या अली, अटिंग आणि ग्रे या डॉक्टरांनी १९७० च्या सुमारास ही पद्धत मांडली. इतकी साधी आहे की मला वाचून मजा वाटली.

कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच ती अल्नर नस. ती मनगटाशी करंगळीच्या बाजूने खाली उतरते. तिथे दोन इलेक्ट्रोड चिकटवायचे आणि अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने विजेचे चार छोटे झटके द्यायचे. प्रत्येक झटक्याला अंगठा आतल्या बाजूला उडतो. औषध नसेल तर चारही उड्या सारख्या. औषध असेल तर पहिलीपेक्षा दुसरी लहान, दुसरीपेक्षा तिसरी, चौथी सगळ्यात लहान. औषध आणखी चढलेलं असेल तर चौथी गायब, मग तिसरी, मग दुसरी, शेवटी पहिलीसुद्धा.

असं का? नसेच्या टोकाकडून स्नायूला निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन या रसायनातून. स्नायूवर ते पकडणाऱ्या जागा असतात आणि औषध त्या जागा अडवून बसतं. शिवाय नसेच्या टोकाला नवा माल लवकर पुढे आणायला सांगणाऱ्या जागा असतात, त्याही अडवतं. त्यामुळे लागोपाठ निरोप पाठवायचे झाले की पुरवठा अपुरा पडायला लागतो. म्हणून चौथा झटका पहिल्यापेक्षा अशक्त. चौथ्याला पहिल्याने भागलं की एक गुणोत्तर मिळतं. १ म्हणजे पूर्ण ताकद. आज जगभर मान्य असलेली रेषा आहे ०.९. त्याखाली नळी काढू नये.

या गुणोत्तराची गंमत म्हणजे तुलना पेशंटची त्याच्या स्वतःशीच आहे. पहिलवान असो की मावशी, चौथा भागिले पहिला.

डोळ्यांना का दिसत नाही?

आता खरा मुद्दा. पुष्कळ ठिकाणी झटके देणारं साधं यंत्र असतं, पण उड्या मोजतं कोण? डॉक्टरांचे डोळे, नाहीतर अंगठ्यावर ठेवलेलं त्यांचं बोट. आणि माणसाच्या डोळ्याची, बोटाची मर्यादा अशी की गुणोत्तर ०.४ च्या वर गेलं की चारही उड्या सारख्याच वाटतात. अनुभवी असो वा नवखा. म्हणजे ०.४ पासून ०.९ पर्यंतचा अख्खा पट्टा डोळ्यांसाठी आंधळा आहे, आणि सगळी गडबड त्याच पट्ट्यात होते!

बरं, मग "मान उचलून पाच सेकंद धरा" ही जुनी परीक्षा? १९९७ साली अमेरिकेत कॉपमन आणि सहकाऱ्यांनी दहा जाग्या स्वयंसेवकांना हे औषध देऊन बघितलं. गुणोत्तर ०.६ च्या आसपास असतानाच लोक मान उचलून धरू शकत होते. पण त्याच लोकांना दातात धरलेली लाकडी पट्टी घट्ट धरता येत नव्हती आणि समोरचं एकाचं दोन दिसत होतं. मान उचलणारा पेशंट पास, आणि त्याच्या घशाचे स्नायू नापास.

घशाचे स्नायू महत्त्वाचे का, तर गिळणं आणि श्वासाचा रस्ता उघडा ठेवणं त्यांच्यावर असतं. छाती-पोटामधला श्वासपटल हा स्नायू फार चिवट, तो लवकर सावरतो. म्हणून पेशंट स्वतः श्वास घेताना दिसतो, सगळे निश्चिंत होतात, आणि घसा मात्र अजून लुळा असतो. जीभ मागे पडू शकते, थुंकी चुकीच्या नळीत जाऊ शकते. एवढंच काय, रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की श्वास वाढवण्याची शरीराची जी सवय, तीसुद्धा ०.७ ला मंदावलेली असते, हे स्वीडनमध्ये लार्श एरिक्सन यांच्या गटाने दाखवलं.

मग म्हणाल, औषध देऊन इतका वेळ झाला, उतरलंच असेल की! माझ्या मित्राच्या मते हीच सगळ्यात लाडकी पळवाट. वय, किडनी, लिव्हर, शरीराचं तापमान, सोबत हुंगवलेली भूल, इतर औषधं या सगळ्यांनी औषध उतरायचा वेळ बदलतो. फ्रान्समधल्या २००३ च्या एका अभ्यासात ५२६ पेशंटना नळी घालताना फक्त एकच डोस दिला होता, नंतर काही नाही. रिकव्हरी रूममध्ये मोजलं तर ४५ टक्के ०.९ च्या खाली! डोस देऊन दोन तास उलटलेल्यांतही ३७ टक्के. त्याआधी १९७९ साली कोपनहेगनच्या विबी-मोगेनसेन यांनी तेव्हाच्या लांब टिकणाऱ्या औषधांवर हेच मोजलं होतं : ७२ पैकी ३० जण ०.७ च्याही खाली.

लक्षात घ्या, यातले बहुतेक जण तासाभरात ठीक होऊन वॉर्डात जातात. चहा-बिस्किट खातात. त्यामुळे कुणाला काही झालं होतं हे कुणालाच कळत नाही. पण म्हातारा, लठ्ठ, फुप्फुसाचा आजार असलेला माणूस त्या तासाभरात अडकू शकतो. आणि जो अडकत नाही, तो मावशीसारखा "आता मी जाते" म्हणत पडून राहतो.

मग मोजत का नाहीत?

हे वाचताना मला आमच्या ऑफिसातले सीनियर लोक आठवत होते. "इतकी वर्षं काम करतोय, माझ्या सिस्टिममध्ये हा बग कधी आला नाही." लॉगिंग चालू आहे का, तर नाही. मग सर, आला नाही की दिसला नाही?

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत युरोपातले १९ टक्के आणि अमेरिकेतले ९ टक्के भूलतज्ज्ञ म्हणाले की आम्ही कुठलंच नस-यंत्र कधी वापरत नाही. २०१९ ची दुसरी पाहणी तर भारीच आहे. ८० देशांतल्या १,६२९ भूलतज्ज्ञांना याच विषयावर नऊ प्रश्न विचारले, आणि प्रत्येक उत्तराची किती खात्री आहे तेही विचारलं. बरोबर उत्तरं सरासरी ५७ टक्के, खात्री ८४ टक्के. हसू नका, आपल्या क्षेत्रात अशी परीक्षा घेतली तर आपलंही तेच होईल. म्हणून तर आपण टेस्ट लिहितो. (निदान लिहायला हव्यात हे मान्य करतो.)

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं. मित्र म्हणाला, "तुम्हा इंजिनियर लोकांना वाटतं डबा बसवला की काम झालं. आमच्याकडे अनेक ओटींमध्ये मिळून एक यंत्र, त्याची बॅटरी अर्ध्या वेळेला मेलेली. अंगठ्याची हालचाल मोजणाऱ्या यंत्राला हात मोकळा लागतो, ऑपरेशनच्या टेबलावर हात बांधलेले, चादरीखाली. वरून सर्जन ओरडतोय, पुढची केस घ्या." हे खरंच आहे. पण त्यातल्या एकेका अडचणीवर उत्तर आहे. हालचालीऐवजी स्नायूतली वीज मोजणारी यंत्रं आता मिळतात, त्यांना हात चादरीखाली असला तरी चालतो. बॅटरी आणि बजेट हे तर व्यवस्थापनाचे प्रश्न. दुर्बिणीच्या टॉवरला पैसे मिळतात, रिसेप्शनच्या ग्रॅनाइटला मिळतात, मग याला का नाहीत?

दुसरा आक्षेप, आता सुगमाडेक्स आलंय की! २००८ मध्ये युरोपात आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं हे औषध रोक्युरोनियमच्या रेणूला चक्क स्वतःच्या पोकळीत कोंडून टाकतं. जुन्या निओस्टिग्मिनपेक्षा खूप वेगवान. निओस्टिग्मिन फक्त ॲसिटिलकोलीन वाढवतं, त्यामुळे लुळेपणा खोल असेल तर हात टेकतं. पण सुगमाडेक्स तरी किती द्यायचं? चारपैकी दोन झटके परतले असतील तर किलोमागे २ मिलिग्रॅम, त्याहून खोल असेल तर ४. म्हणजे डोस ठरवायलाही झटके मोजावेच लागतात! जपानमध्ये न मोजता, अंदाजाने सुगमाडेक्स दिलेल्या पेशंटचा अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यातही ४ टक्क्यांच्या आसपास लोक ०.९ खाली राहिले. फार कमी, पण शून्य नाही. शिवाय ॲट्राक्युरियमवर ते चालतच नाही.

आणि नुसतं मशीन घेऊनही भागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या भूलशास्त्र विभागाने प्रत्येक ओटीत आकडा दाखवणारे मॉनिटर बसवले आणि तो अनुभव २०१४ साली छापला. मॉनिटर आले म्हणून लोक वापरायला लागले असं झालं नाही. रिकव्हरी रूममध्ये पुन्हा पुन्हा मोजायचं, आलेले आकडे सगळ्यांपुढे ठेवायचे, शिकवायचं, परत मोजायचं, असं बराच काळ केल्यावर प्रमाण खाली आलं.

९४ आठवतोय ना?

सवय कशी बदलते याचं उदाहरण आपण सगळ्यांनी जगलंय. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. त्यामागचं तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी इंजिनियरने (होय, इंजिनियरने!) १९७० च्या दशकात शोधलं. त्याआधी ओठ-नखं निळी पडली का हे बघून ऑक्सिजन ताडायचे. तेव्हाही कसलेले डॉक्टर होते, आणि त्यांनाही वाटत असणार की आपल्या नजरेला कळतं. आज ऑक्सिमीटरशिवाय भूल द्यायची म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर पुण्या-मुंबईतल्या घराघरांत आजी-आजोबांनाही ९४ चा आकडा पाठ झाला होता. गप्पा मारत बसलेला माणूस, दिसायला ठणठणीत, आणि बोटावर ८५. नजर फसते हे आपण तेव्हा स्वतः बघितलंय.

मला ०.९ चा आकडा असाच लोकांच्या तोंडी व्हायला हवाय. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये स्वच्छ लिहिलं : अंगठ्याच्या स्नायूवर, आकडा दाखवणाऱ्या यंत्राने मोजा, ०.९ झाल्याशिवाय नळी काढू नका, नुसत्या मान-उचल-हात-दाब परीक्षांवर विसंबू नका. युरोपच्या संघटनेनेही त्याच वर्षी तेच सांगितलं. म्हणजे ही कुणा ब्लॉगवाल्याची सनक नाही. लिव्हरपूलच्या पेपरपासून इथपर्यंत यायला पन्नास वर्षं लागली, एवढंच.

तर मंडळी, तुमच्या घरी कुणाचं पूर्ण भुलीचं ऑपरेशन ठरलं, तर भुलीआधीच्या तपासणीच्या वेळी भूलतज्ज्ञांना शांतपणे, आदराने तीन प्रश्न विचारा :

१. स्नायू ढिले करणारं औषध देणार आहात का?
२. ते उतरलं हे तुम्ही कशाने बघता, नजरेने की यंत्राने?
३. नळी काढतानाचा टी.ओ.एफ. केसपेपरवर लिहाल का?

काही डॉक्टर चमकतील, एखादे चिडतील. माझा मित्र म्हणतो, चांगला भूलतज्ज्ञ खूश होईल, कारण त्याला हेच यंत्र व्यवस्थापनाकडे मागायचं असतं आणि "पेशंट विचारतात" यासारखं दुसरं कारण नाही. लहान गावात, एकट्या डॉक्टरकडे यंत्र नसेलही. तिथे भांडू नका, ऑपरेशन तर मुळीच टाळू नका. नजरेने आणि अनुभवाने लाखो लोक सुखरूप घरी आलेत हेही तितकंच खरं. पण मोठ्या शहरातलं, काचेच्या दर्शनी भिंतीचं हॉस्पिटल "आमच्याकडे नाही" म्हणालं तर "का नाही?" एवढं विचारायचा हक्क आपल्याला आहे.

मावशीला मी हे सगळं समजावून सांगितलं, अंगठ्याच्या उड्यांसकट. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मला भास झाला नव्हता?"

मी म्हटलं, "माहीत नाही गं. पण झाला नसेलही."

तेवढ्यावरही तिला बरं वाटलं. मला अजून वाटलेलं नाही.

कॉमेंटमध्ये डॉक्टर मंडळींनी बिनधास्त झोडपावं, चुका दाखवाव्यात. भेटू पुढच्या शनिवारी.